दुकान ऑनलाइन, भाव फोटोत

दसरा सरला की खानदेशातल्या मोबाइलवर फराळाची आवक सुरू होते. जळगावच्या गृहउद्योगांची चकली-शेव, रावेर-सावद्याकडचे केळीचे वेफर्स, उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरलेले उडदाचे पापड आणि बिबडे, दोंडाईच्याची मिरची, सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी, धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानांतल्या साड्या. पूर्वी या मालाची जाहिरात धुळ्याच्या पाच कंदिलाजवळच्या फलकावर किंवा स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर व्हायची. आता ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते, इन्स्टाग्रामवर होते, आणि ज्यांना जमलं त्यांनी स्वतःची वेबसाइटही उघडली आहे.

जाहिरात म्हणजे बहुधा एकच चित्र. डीटीपीवाल्याकडून कोरलड्रॉमध्ये करून घेतलेलं. मरून पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात लक्ष्मी, खाली दुकानाचा पत्ता. मालाचं नाव, वजन, भाव, फोन नंबर, घरपोच सेवा कुठवर, सगळं त्या चित्रात. डोळस माणसाला ते दोन सेकंदांत कळतं. अंध ग्राहकाच्या फोनवर तेच चित्र येतं तेव्हा फोन एवढंच बोलतो: ‘फोटो.’

पुढे काही नाही. भाव नाही, नंबर नाही. जाहिरात पोचली, पण तिच्यातलं काहीच पोचलं नाही.

अंध माणूस फोन कसा वापरतो, हे अजून अनेकांना ठाऊक नसतं. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. संगणकावर जॉज हे विकतचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या जोडीला एनव्हीडीए आहे, ते फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं ते २००६मध्ये सुरू केलं. सरावलेले वापरकर्ते हा आवाज इतक्या वेगानं ऐकतात की शेजारी बसलेल्याला त्यातला एक शब्द कळू नये. मात्र स्क्रीन रीडरची एक अट असते. वाचायला अक्षरं हवीत. चित्रात रंगवलेलं अक्षर त्याच्या लेखी अक्षर नसतंच.

जळगावात हे नव्यानं सांगायची गरज पडू नये. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प याच शहरातला. अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर आणि अनाथ तरुण-तरुणी इथे निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. स्क्रीन रीडरच्या जोरावर माणूस कुठवर जातो याचा दाखला महाराष्ट्रापुढे आहेच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी जॉजच्या मदतीनं अभ्यास केला, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६च्या परीक्षेत १२४वा क्रमांक मिळवला आणि पुढे केरळात सनदी अधिकारी म्हणून काम केलं. ‘मनोबल’मध्ये राज्यघटनेची कलमं कानांनी पाठ करणाऱ्याला त्याच शहरातल्या दुकानातून अर्धा किलो शेव मागवता येत नसेल, तर अडचण त्याच्या डोळ्यांत नाही. ती दुकानदाराच्या पोस्टरमध्ये आहे.

आता ‘फोनच चित्र वाचतो ना’ असा प्रश्न येईल. वाचतो, काही अंशी. टॉकबॅकमध्ये चित्राचं वर्णन करण्याची सोय आली आहे, बी माय आइज आणि सीइंग एआयसारखी अ‍ॅप्स फोटोत काय आहे ते सांगतात. पण ‘थाळीत तळलेले पदार्थ आहेत’ एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. ग्राहकाला भाव हवा असतो आणि भावाच्या बाबतीत अंदाज चालत नाही. वळणदार देवनागरीतला ३ आणि ८ ओळखताना यंत्राची फसगत झाली, तर भुर्दंड ग्राहकालाच.

चित्राखाली मजकूर लिहिणारे दुकानदार आहेत, पण त्यांचीही गंमत असते. दिवाळी म्हणून मजकुराच्या आधी बारा पणत्या आणि नंतर बारा पणत्यांची चिन्हं टाकलेली असतात. स्क्रीन रीडर प्रत्येक चिन्हाचं नाव इमानेइतबारे वाचतो. ग्राहकाला ‘दिवा’ हा शब्द ओळीनं ऐकावा लागतो, मग कुठे पापडाचा भाव. इंग्रजी अक्षरं नक्षीदार करून देणाऱ्या अ‍ॅपमधून ‘सेल’ हा शब्द लिहिला, तर त्याहून वाईट. ती नक्षी म्हणजे खरं तर गणितात वापरायची वेगळी चिन्हं असतात. स्क्रीन रीडर एकतर त्यांना गाळतो किंवा प्रत्येकाचं लांबलचक गणिती नाव उच्चारतो.

त्यात आपला मराठी मामला वेगळाच. डीटीपीच्या धंद्यात जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट अजून ठाण मांडून आहेत. त्यांत ‘क’ दिसत असला, तरी आत रोमन लिपीतलं भलतंच अक्षर साठवलेलं असतं. अशा फॉन्टमधली दरपत्रकाची पीडीएफ डोळ्यांना सुबक मराठी दिसते आणि कानांना निव्वळ भेंडोळं ऐकू येतं. वेबसाइटचीही एक खोड असते. सांगाडा इंग्रजी असल्यामुळे पानाची भाषा आतून ‘इंग्रजी’ अशीच नोंदलेली राहते. मग इंग्रजी आवाज ‘कळण्याचं पीठ’ वाचायला जातो आणि मुका होतो. पानाच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचं नोंदवणं हे डेव्हलपरचं मिनिटभराचं काम आहे.

वेबसाइट कानांनी कशी लागते, ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे. घाईघाईत उभारलेल्या एखाद्या फराळाच्या दुकानात टॉकबॅक लावून बोट उजवीकडे सरकवत गेलं, तर साधारण असं ऐकू येतं. ‘लेबल नसलेले बटण.’ हा मेनू. परत ‘लेबल नसलेले बटण.’ ही शोधायची भिंगाची खूण. मग ‘लिंक, आयएमजी’ आणि पुढे आकड्यांची मालगाडी. हा चकलीचा फोटो, फोनमधून जसा चढवला तसा फाइलच्या नावासकट. त्यानंतर ‘दोनशे वीस, एकशे ऐंशी’. यातला २२० हा जुना भाव, त्यावर काट मारलेली आहे. पण काट डोळ्यांना दिसते, कानांना नाही. पुढे अर्धा किलो आणि एक किलो अशा दोन चौकटी. निवडलेली चौकट हिरवी होते, पण ‘निवडले’ असं कोणी बोलत नाही. शेवटी ‘कार्टमध्ये टाका’ सापडतं. दाबलं की वर एक पट्टी येते, ‘पदार्थ जोडला’ म्हणते आणि गायब होते. आवाज नाहीच. ग्राहकाला वाटतं बटण लागलं नाही. तो पुन्हा दाबतो, परत एकदा दाबतो, आणि घरी तीन किलो चकली येते.

यातली एकही दुरुस्ती अवघड नाही. बटणाला नाव द्यायचं, फोटोला पर्यायी मजकूर द्यायचा, दोन भावांच्या आधी ‘जुना भाव’ आणि ‘आताचा भाव’ असे शब्द घालायचे, पट्टी आली की ती वाचली जाईल अशी सूचना कोडमध्ये ठेवायची. पर्यायी मजकूर म्हणजे निबंध नव्हे. ‘साडी’ एवढ्यानं भागत नाही, पण ‘गर्द जांभळी सुती साडी, बोटभर जरीचा काठ, पदरावर मोर’ एवढं पुरतं. कापडाच्या दुकानांत ‘रंग: फोटोप्रमाणे’ असं लिहायची जी सवय आहे, ती मात्र टाकायलाच हवी. अंध ग्राहकापुरतंच हे नाही. लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष बरेच असतात आणि ते कोणाला सांगत फिरत नाहीत.

ही रड काही खानदेशचीच नव्हे. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२५च्या पाहणीत त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आढळणारे दोष सहाच: फिकी अक्षरं, पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, नाव नसलेले रकाने, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न नोंदवणं.

यातला पहिला दोष सुवर्णनगरी जळगावला फार जवळचा. सुभाष चौकातल्या सराफ बाजारानं जळगावचं नाव देशभर केलं. साहजिकच इथल्या डिझायनरांचा जीव सोनेरी रंगात अडकलेला. दागिन्यांपासून तुपापर्यंत सगळ्याच्या जाहिरातीत सोनेरी अक्षरं. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, सांगतात की साध्या आकाराच्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उजळपणातला फरक किमान ४.५ला १ असावा. सर्रास वापरला जाणारा सोनेरी पांढऱ्यावर ठेवला तर हे गुणोत्तर २.१च्या आसपास येतं. तोच सोनेरी काळ्यावर ठेवला की १०च्या घरात जातं. म्हणजे रंग सोडायचा नाही, फक्त त्याची जागा बदलायची. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची फॅशनही अशीच नापास होते. मोतीबिंदू पिकत चाललेल्या आजोबांना, चाळिशीचा चष्मा घरी विसरलेल्या माणसाला आणि भर उन्हात जळगाव स्टँडवर फोन बघणाऱ्या कोणालाही ती अक्षरं दिसत नाहीत. खानदेशचं ऊन काय असतं, ते इथल्या दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

कर्णबधिर ग्राहकाची अडचण अगदी वेगळ्या जागी असते. त्याला चित्र दिसतं, भाव दिसतो, ऑर्डरही नोंदवता येते. आणि मग दुकानातून फोन येतो: ऑर्डर पक्की करायची का? फोन उचलला जात नाही, ऑर्डर रद्द होते. ती टिकलीच, तर पार्सलवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन फोन करतो, उत्तर मिळत नाही, पार्सल परत जातं. रोखीनं पैसे देण्याच्या ऑर्डरीत ही फोनची पद्धत आपल्याकडे अंगवळणी पडली आहे. उपाय एका ओळीचा आहे. ऑर्डरच्या अर्जात ‘फोन करू नका, मेसेज करा’ अशी एक चौकट ठेवायची आणि पार्सलच्या चिठ्ठीवर ते छापायचं. गाणं लावून बनवलेल्या रीलमध्ये दुकानदार तोंडानं भाव सांगतो, तिथे खाली अक्षरं द्यायची.

उलट्या बाजूनं पाहिलं तर हे किती सहज जमतं, तेही महाराष्ट्रानं दाखवलं आहे. ध्रुव लाकरा यांनी मुंबईत २००९मध्ये सुरू केलेल्या मिरॅकल कुरिअर्समध्ये पार्सलं पोचवण्याचं काम कर्णबधिर तरुण करतात. मुंबईसारख्या शहरात ते एसएमएसच्या आधारावर पत्ते शोधतात. पार्सल आणणारा न ऐकता काम करू शकतो, तर पार्सल घेणाऱ्यावर फोन उचलायची सक्ती कशाला?

पैसे देताना सगळ्यांचीच परीक्षा होते. संगणकावर ऑर्डर नोंदवली की पडद्यावर क्यूआर कोड येतो. जो पडदा बघूच शकत नाही त्यानं कॅमेरा कुठे धरायचा? त्याच कोडखाली यूपीआय आयडी साध्या अक्षरांत दिला की प्रश्न मिटला. ‘मी यंत्रमानव नाही’ म्हणून वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा ही दुसरी धोंड. सोबत आवाजी पर्याय नसेल तर अंध माणूस यंत्र ठरतो. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीनं लॉग-इन करताना अशी कोडी घालण्यावर मर्यादा आणली. बोटानं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेलची असावी, असाही नियम त्यात आला. ज्याचे हात थरथरतात त्या माणसाला ‘ऑफर’ची खिडकी बंद करायची ती कोपऱ्यातली इवलीशी फुली सापडत नाही, त्यासाठी तो आहे.

कायदा काय म्हणतो? पुष्कळ म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७पासून लागू. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. याचं कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल आहे आणि त्यात सरकारी व खासगी असा भेद नाही. नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करा, असं ते सांगतं. नियम जून २०१७मध्ये निघाले. म्हणजे मुदत २०१९मध्येच संपली. उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचं मानकही आहे.

कागदावरचं हे सगळं अंगाला लागलं ते मूळ नागपूरच्या राहुल बजाज यांच्यासारख्या माणसांमुळे. जन्मतः अंध, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले हे वकील. डॉक्टरांची वेळ ठरवून देणारं प्रॅक्टो हे अ‍ॅप स्क्रीन रीडरनं नीट चालत नाही, म्हणून त्यांनी केंद्रीय दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली. २०२२मध्ये आयुक्तांनी अ‍ॅप सुगम करण्याचे निर्देश दिले. खासगी कंपनीच्या अ‍ॅपलाही हा कायदा लागू होतो, हे त्यातून ठळक झालं. प्रकरण तिथे थांबलं नाही. सुगम्यतेची तपासणी करून न घेतल्याबद्दल फेब्रुवारी २०२५मध्ये दीडशेहून अधिक सरकारी-खासगी आस्थापनांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड झाला.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. राजीव रतूडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम ‘केलं तर बरं’ अशा थाटाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५चा. बँकेची ओळख-पडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, असं यंत्र सांगतं. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या स्त्रियांनी ते कसं करायचं? न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले.

दिल्लीतल्या या निकालांची कुणकुण धुळ्याच्या एखाद्या पापड उद्योगाच्या मालकिणीला असेल, असं मानणं भाबडेपणाचं. तिला आयएस १७८०२ कोणी शिकवलेलं नाही, आणि केवळ दंडाची भीती घातली तर ती वेबसाइटच बंद करून टाकेल. तिनं ज्याला पैसे देऊन साइट करून घेतली, त्या डेव्हलपरला हे ठाऊक असायला हवं होतं. खानदेशातली अभियांत्रिकी महाविद्यालयं दरवर्षी संगणकाचे पदवीधर बाहेर काढतात. सुगम्यता हा त्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग असेल, तर पुढचं निम्मं काम तिथेच होतं. आज दोष बांधणाऱ्याचा आणि बोलणी खाणारा दुकानदार, असा उलटा न्याय चालू आहे.

या अज्ञानाचा फायदा उठवणारेही असतातच. ‘एक ओळ कोड टाका, साइट चुटकीसरशी सुगम’ असं सांगून वर्गणी घेणारी उपकरणं बाजारात आहेत. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरची किंवा माणसाची निळी खूण दिसते, ती त्यांची. अशाच दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५मध्ये अ‍ॅक्सेसिबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. बटणाला नावच नसेल, तर ही खूण ते नाव आणणार कुठून? तिच्यावर पैसे घालवू नयेत.

बाहेरच्या जगात हा विषय बराच पुढे गेला आहे. टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीविरुद्ध तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००६मध्ये दावा लावला आणि २००८मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. डोमिनोजच्या साइटवरून पिझ्झा मागवता न आलेल्या गिलेर्मो रोब्लेस या अंध ग्राहकाचा खटला २०१९मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेला, आणि कंपनीचं अपील त्या न्यायालयानं ऐकायलाच घेतलं नाही. युरोपचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला, त्यात ऑनलाइन विक्री स्पष्टपणे आहे. दहापेक्षा कमी माणसं आणि २० लाख युरोंपर्यंतची उलाढाल असलेल्या सेवा-व्यावसायिकांना मात्र त्यातून सूट आहे. ही सूट शहाणपणाची वाटते. आपल्याकडे नियम पक्के होताना बचत गटाला आणि हजारो कोटींच्या कंपनीला एकाच मापानं मोजू नये.

धंद्याच्या बाजूनं बोलायचं तर २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ती मोजणी २१ प्रकारांच्या आधीची, म्हणजे आकडा आखडता. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची मिळून तेव्हा लोकसंख्या ६० लाखांच्या वर. त्यातल्या दिव्यांग ग्राहकाला बाजारात जाणं सगळ्यात महाग पडतं. व्हीलचेअर असलेल्याला जळगावच्या फुले मार्केटच्या गर्दीत शिरता येत नाही, अंध माणसाला सोबत शोधावी लागते. ऑनलाइन दुकानाची खरी गरज ज्याला, त्याच्याच तोंडावर ते बंद.

ज्यांची वेबसाइटच नाही, त्यांना तर काम आणखी सोपं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो. त्यात मालाचं नाव, भाव आणि वर्णन यांचे वेगळे रकाने आहेत, त्यांत टाइप केलेलं सगळं स्क्रीन रीडर वाचतो. ग्रुपवर पोस्टर टाकायचंच असेल तर त्याखाली तोच मजकूर युनिकोड मराठीत लिहायचा. इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना पर्यायी मजकुराचा रकाना २०१८पासून आहे. याला पैसा लागत नाही. आणि कुठल्या दुकानानं वा सेवेनं सांगूनही ऐकलं नाही, तर तक्रारीसाठी राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

दुकानदारांनी यंदा एक करून पाहावं. फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करावं. घाबरू नये: एकदा स्पर्श केला की फोन वाचतो, लागोपाठ दोनदा टिचकी मारली की बटण लागतं. बऱ्याच फोनमध्ये आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद दाबल्या की ते चालू-बंद होतं, तो शॉर्टकट आधी लावून ठेवावा. मग डोळे मिटून स्वतःच्याच दुकानातून पाव किलो शेव मागवावी. जिथे अडाल, ती जागा लिहून काढून डेव्हलपरला पाठवा आणि दुरुस्त झाल्याशिवाय त्याचं पुढचं बिल चुकतं करू नका.